डायोड प्रवाह ‘नियंत्रित’ करतो म्हणजे नेमके काय करतो?

प्रश्न — परिपथ_अभ्यासक

नमस्कार. गेल्या काही आठवड्यांपासून मी साधे विद्युत परिपथ स्वतः जोडून आणि मोजून समजून घेत आहे. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो आणि सुलट जोडला असता त्याच्यावर ०.७ व्होल्ट खर्च होतात, असे दोन नियम मी वाचले होते. माझी मोजमापे मात्र या नियमांशी पूर्णपणे जुळत नाहीत, म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडत आहे.

९ व्होल्टची बॅटरी, १एन४००७ क्रमांकाचा डायोड आणि एक रेझिस्टर यांची मी एकसर जोडणी केली. रेझिस्टर १० किलोओहमचा असताना डायोडच्या दोन टोकांमध्ये ०.५५ व्होल्ट आढळले, १ किलोओहमचा असताना ०.६५ आणि १०० ओहमचा लावल्यावर ०.७६ व्होल्ट आढळले. या शेवटच्या वेळी बॅटरीचे व्होल्टेज ८.२ पर्यंत उतरले आणि रेझिस्टर काही क्षणांतच बोट ठेवता येणार नाही इतका तापला. ०.७ हा आकडा ठरलेला असेल, तर तो प्रत्येक वेळी वेगळा का येतो?

त्यानंतर मी डायोड उलटा फिरवला. तेव्हा रेझिस्टरवर शून्य व्होल्ट आणि डायोडवर जवळजवळ संपूर्ण ९ व्होल्ट दिसले. प्रवाहच वाहत नसेल तर डायोडवर एवढे व्होल्टेज कोठून येते, हे मला उमगत नाही. आणखी दोन शंका आहेत. डायोडच्या रक्षणासाठी रेझिस्टर त्याच्या आधीच असावा लागतो, की नंतर असला तरी चालतो? आणि डायोडच्या आत सुमारे अर्ध्या-पाऊण व्होल्टचा अडथळा आपोआप तयार झालेला असतो असे म्हणतात, तर सुटा डायोड मल्टीमीटरला जोडल्यावर शून्य का दिसते?

उत्तर — जुना_तंत्रज्ञ

आपली मोजमापे बरोबर आहेत. नियम चुकीचे नाहीत, परंतु ते अर्धवट सांगितले जातात आणि त्यामुळेच गोंधळ होतो.

सर्वांत आधी ‘नियंत्रण’ या शब्दाबद्दल लिहितो. डायोड प्रवाहाची दिशा ठरवतो, प्रवाह किती असावा हे तो ठरवत नाही. आपल्या परिपथात तो आकडा बॅटरी आणि रेझिस्टर यांनी ठरवला आहे. १ किलोओहमच्या वेळचा हिशेब पाहा. बॅटरीच्या ९ व्होल्टमधून डायोडवरचे ०.६५ वजा केले की रेझिस्टरच्या वाट्याला ८.३५ व्होल्ट उरतात आणि त्याला १००० ओहमने भागल्यावर सुमारे ८.४ मिलिअँपिअर मिळतात. डायोडवर ०.६५ ऐवजी ०.५५ किंवा ०.७५ धरले, तरी उत्तरात एका टक्क्याहून थोडाच अधिक फरक पडतो. म्हणूनच रोजच्या हिशेबात आम्ही ०.७ हा स्थिर आकडा धरून चालतो आणि त्याने काही बिघडत नाही.

रेझिस्टर आधी की नंतर, या प्रश्नाचे उत्तर असे की काहीही फरक पडत नाही. एकसर जोडणीत प्रत्येक घटकातून तोच प्रवाह जातो. प्रवाह बॅटरीच्या धन टोकातून ‘निघतो’ आणि वाटेत रेझिस्टर भेटला की ‘कमी होतो’, हे मनातले चित्र काढून टाकावे. रेझिस्टर कोठेही असला तरी तो संपूर्ण वाटेचा प्रवाह मर्यादित करतो. आपण स्वतः अदलाबदल करून मोजून पाहावे.

उलट जोडणीत प्रवाह जवळजवळ शून्य असतो. रेझिस्टरवरचे व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध, त्यामुळे तेही शून्य होते. एका वळशातील सर्व व्होल्टेजची बेरीज बॅटरीइतकी व्हायलाच हवी, तेव्हा उरलेले ९ व्होल्ट डायोडवर दिसतात. बंद (ऑफ) केलेल्या बटणाच्या दोन टोकांवर मोजले तरी पूर्ण ९ व्होल्टच दिसतील आणि तेथेही प्रवाह नसतो. व्होल्टेज असायला प्रवाह असावाच लागतो, ही समजूत केवळ रेझिस्टरच्या बाबतीत खरी आहे.

तापलेल्या रेझिस्टरबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. ८.२ मधून ०.७६ गेले की ७.४४ व्होल्ट उरतात, प्रवाह सुमारे ७४ मिलिअँपिअर होतो आणि रेझिस्टरमध्ये अर्ध्या वॅटहून अधिक उष्णता तयार होते. ब्रेडबोर्डवर वापरले जाणारे लहान रेझिस्टर सहसा पाव वॅटचे असतात, म्हणजे आपण तो दुपटीहून अधिक ताणला होता. तसेच रेझिस्टरशिवाय डायोड बॅटरीला सुलट कधीही जोडू नये, कारण मग प्रवाहाला आवर घालायला बॅटरीचा अंतर्गत रोध एवढाच काय तो उरतो आणि १एन४००७ ची मर्यादा १ अँपिअरची आहे.

उत्तर — पदार्थविज्ञान_शिक्षिका

वरील उत्तर व्यवहारासाठी अचूक आहे. परंतु ०.७ स्थिर धरण्याच्या सवयीमुळे या प्रश्नातील सर्वांत सुंदर गोष्ट झाकली जाते, म्हणून आदरपूर्वक थोडी भर घालते. आपले तीन आकडे पुन्हा पाहा: ०.५५, ०.६५, ०.७६. प्रत्येक पायरीला प्रवाह साधारण दहापट झाला आणि व्होल्टेज मात्र साधारण ०.१ व्होल्टने वाढले. दहापट होणे हा गुणाकार आहे आणि ०.१ ने वाढणे ही बेरीज आहे. एका राशीची बेरीज होत असताना दुसरीचा गुणाकार होत असेल, तर त्यांच्यातील नाते घातांकी असते. आपण नकळत डायोडचा मूलभूत नियम मोजला आहे.

हे असे का घडते, ते आता सांगते. डायोडच्या सिलिकॉनमध्ये दोन विभाग असतात. एन विभागात फॉस्फरससारखी अशुद्धी मिसळल्यामुळे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात, तर पी विभागात बोरॉनसारख्या अशुद्धीमुळे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजेच होल, भरपूर असतात. हे विभाग जेथे एकमेकांना भिडतात त्या जंक्शनजवळ काही इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होलांमध्ये विलीन होतात आणि दोन्ही बाजूंना जागचे न हलणारे विद्युतभारित अणू उघडे पडतात. त्या अणूंमुळे तयार झालेले विद्युतक्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांना मागे लोटते. अशा रीतीने वाहकांविना राहिलेला एक अत्यंत पातळ पट्टा आणि त्यावरचा चढ तयार होतो.

उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात. हा चढ ओलांडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यातील फारच थोड्यांजवळ असते, आणि चढ जितका उंच तितके असे इलेक्ट्रॉन विरळ होत जातात; ही विरळताही घातांकी नियमानेच वाढते. सुलट जोडणीत बॅटरी हा चढ उतरवते. चढ थोडासा उतरला की तो ओलांडू शकणाऱ्यांची संख्या पटीने वाढते. आदर्श डायोडमध्ये सामान्य तापमानाला दर ६० मिलिव्होल्टमागे प्रवाह दहापट होतो. आपल्याला ६० ऐवजी १०० च्या आसपास मिळाले, कारण या डायोडमध्ये लहान प्रवाहाच्या वेळी बरेच इलेक्ट्रॉन आणि होल त्या पातळ पट्ट्यातच एकमेकांना भेटून नाहीसे होतात आणि त्यामुळे वाढीचा वेग मंदावतो. उलट जोडणीत बॅटरी तोच चढ आणखी उंच करते आणि पट्टा रुंदावतो. तेव्हा उष्णतेने अधूनमधून निर्माण होणाऱ्या तुरळक वाहकांचाच काय तो प्रवाह उरतो. आपल्या डायोडमध्ये तो इतका सूक्ष्म असतो की उलट जोडणीत मोजताना डायोडपेक्षा आपल्या मल्टीमीटरमधूनच अधिक प्रवाह गेला असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणजे ०.७ व्होल्टला उघडणारे एखादे दार डायोडमध्ये नसते. प्रवाह ०.३ व्होल्टलाही असतो, फक्त तो मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि मिलिअँपिअरच्या आलेखावर तो शून्य रेषेला चिकटलेला दिसतो. आलेखावर ०.७ च्या आसपास दिसणारे तीव्र वळण, म्हणजे ‘गुडघा’, हा आपण निवडलेल्या मोजपट्टीचा परिणाम आहे. आपण १०० किलोओहम आणि १ मेगाओहमचे रेझिस्टर लावून पाहावे. माझ्या अंदाजाने सुमारे ०.४५ आणि ०.३५ व्होल्ट मिळतील.

सुट्या डायोडवर शून्य का दिसते, हा प्रश्न फार कमी विद्यार्थी विचारतात आणि तो विचारल्याबद्दल मला खरोखर आनंद झाला. आतला चढ खरा आहे, परंतु डायोडच्या दोन टोकांना धातूच्या तारा जोडलेल्या असतात आणि जेथे धातू व सिलिकॉन भिडतात तेथेही तसेच विभवांतर तयार होते. संपूर्ण वळसा एकाच तापमानाला असेल, तर या सर्वांची बेरीज नेमकी शून्य होते. ती शून्य नसती, तर सुट्या डायोडला तार जोडून काहीही न खर्चता अखंड प्रवाह काढता आला असता, आणि ते ऊर्जेच्या नियमांत बसत नाही. बाहेरून ऊर्जा दिली तर मात्र चित्र पालटते. एखादा एलईडी (तोही एक डायोडच असतो) मल्टीमीटरला जोडून उन्हात धरावा. व्होल्टेज दिसू लागते, कारण प्रकाशाने निर्माण केलेले इलेक्ट्रॉन आणि होल त्या आतल्या विद्युतक्षेत्रामुळे वेगळे होतात. सौरघटही याच तत्त्वावर चालतो.

एकदिश वहनाचा हा गुण फर्डिनंड ब्राउन यांना १८७४ मध्येच धातूंच्या सल्फाइड स्फटिकांमध्ये आढळला होता. सिलिकॉनमधील पी-एन जंक्शन रसेल ओल यांच्या हाती १९४० मध्ये लागले आणि विल्यम शॉकली यांनी त्याचा सविस्तर सिद्धांत १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. परिणाम दिसण्यापासून त्याचे कारण कळेपर्यंत पाऊण शतक गेले. त्यामुळे हा विषय पहिल्या वाचनात उमगला नाही, तर निराश होण्याचे कारण नाही.

उत्तर — रिले_रेक्टिफायर

सिद्धांत वर उत्तम मांडला गेला आहे. प्रत्यक्ष परिपथ आखताना या आकड्यांचा काय उपयोग होतो, तेवढे मी लिहितो.

बॅटरी चुकून उलटी बसली तर उपकरण जळू नये म्हणून वाटेत एकसर डायोड घालण्याची पद्धत आहे. चार सेलच्या ६ व्होल्टमधून ०.७ गेले तरी फारसे बिघडत नाही. दोन सेलच्या ३ व्होल्टमधून तेवढेच गेले, तर जवळजवळ पाव हिस्सा वाया जातो. अशा ठिकाणी शॉटकी डायोड वापरावा. त्यात धातू आणि सिलिकॉन यांचे जंक्शन असल्याने मध्यम प्रवाहाला ०.३ ते ०.४ व्होल्टवर काम भागते. त्याचा दोष असा की उलट दिशेने त्यातून होणारी गळती साध्या डायोडपेक्षा बरीच अधिक असते आणि तापल्यावर ती आणखी वाढते.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करताना पुष्कळ जण एक चूक करतात. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हेच ते शिखर समजतात; ते परिणामी (आरएमएस) मूल्य असते आणि शिखर सुमारे १७ व्होल्ट असते. चार डायोडांच्या ब्रिजमध्ये प्रवाह प्रत्येक वेळी दोन डायोडांमधून जातो, म्हणून १.४ व्होल्ट वजा होऊन कपॅसिटरवर, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकावर, साधारण १५.५ व्होल्ट जमतात. एकच डायोड आणि कपॅसिटर वापरल्यास वजाबाकी ०.७ चीच होते. मात्र उलट अर्धचक्रात कपॅसिटरचे १७ आणि ट्रान्सफॉर्मरचे १७ यांची बेरीज होऊन डायोडवर सुमारे ३४ व्होल्टचा उलट दाब येतो. ५० व्होल्टची मर्यादा असलेला १एन४००१ येथे चालतो, पण हाताशी १००० व्होल्टचा १एन४००७ असेल तर मी तोच लावतो. एलईडीच्या बाबतीत हाच मुद्दा फार नाजूक आहे. बहुतेक एलईडींची उलट दिशेची मर्यादा केवळ ५ व्होल्ट सांगितलेली असते, तेव्हा उलट जोडणीचा ९ व्होल्टचा प्रयोग आपण एलईडीवर करू नये.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग रिलेच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचच्या, गुंडाळीवर समांतर लावलेल्या डायोडचा आहे. समजा १२ व्होल्टच्या रिलेच्या गुंडाळीचा रोध ४०० ओहम आहे, म्हणजे तिच्यातून ३० मिलिअँपिअर वाहतात. गुंडाळी चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरने वाट अचानक तोडली तरी गुंडाळीतील चुंबकीय क्षेत्र तो प्रवाह क्षणात थांबू देत नाही. वाट मिळाली नाही तर गुंडाळीच्या टोकांवरचे व्होल्टेज शेकडो व्होल्टपर्यंत चढू शकते आणि ट्रान्झिस्टर कायमचा निकामी होतो. म्हणून गुंडाळीला समांतर असा डायोड जोडतात, ज्याचे बाहेरून पट्टा रंगवलेले टोक, म्हणजे कॅथोड, बॅटरीच्या धन टोकाकडे असते. रिले चालू असताना हा डायोड उलट जोडणीत असल्याने त्यातून काहीच जात नाही. वाट तुटताच गुंडाळीचे व्होल्टेज उलटते, डायोड सुलट होतो आणि ते ३० मिलिअँपिअर त्याच्यामधून फिरत फिरत विरून जातात. येथे डायोडला काही सांगावे लागत नाही, व्होल्टेजची दिशा पालटली की त्याची भूमिका आपोआप पालटते.

या सोयीची किंमत म्हणजे रिले सुटायला काही मिलिसेकंद उशीर होतो, कारण केवळ ०.७ व्होल्टच्या विरोधात प्रवाह सावकाश विरतो. घाई असेल तर डायोडबरोबर एकसर ४०० ओहमचा रेझिस्टर घालावा. मग गुंडाळीवर क्षणभर सुमारे १२.७ व्होल्ट उलट दिशेने येतात, ट्रान्झिस्टरवर जवळपास २५ व्होल्ट पडतात आणि रिले लवकर सुटतो. किती दाब सोसायचा आणि किती लवकर सुटायचे, हे आपल्याला निवडता येते.

पुन्हा — परिपथ_अभ्यासक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी सांगितल्याप्रमाणे प्रयोग केले. रेझिस्टर आणि डायोड यांची अदलाबदल केल्यावर आकडे तसेच राहिले. १०० किलोओहमला ०.४५ व्होल्ट आणि १ मेगाओहमला ०.३४ व्होल्ट मिळाले. हे आकडे आधीच सांगितलेल्या अंदाजाच्या इतके जवळ आले, हे पाहून फार समाधान वाटले. पाचही बिंदू मी अशा आलेखावर मांडले ज्यात प्रवाहाची मोजपट्टी प्रत्येक घराला दहापट होते, आणि ते जवळजवळ सरळ रेषेत आले.

मात्र मोजताना एक नवीन गोष्ट दिसली. १० किलोओहमचा रेझिस्टर असताना डायोड दोन बोटांच्या चिमटीत धरून ठेवला, तर व्होल्टेज ०.५४९ वरून हळूहळू ०.५३७ पर्यंत उतरले आणि बोटे काढल्यावर पुन्हा वर गेले. उष्णतेने रोध वाढतो असे मी शिकलो आहे, मग येथे व्होल्टेज कमी का होते? आणि त्यामुळे परिपथातील प्रवाह बदलतो का?

उत्तर — पदार्थविज्ञान_शिक्षिका

उष्णतेने रोध वाढतो हे धातूंच्या बाबतीत खरे आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन आधीच भरपूर असतात आणि अणूंची थरथर वाढली की त्यांच्या वाटेत अडथळे वाढतात. डायोडमध्ये मात्र चढ ओलांडण्याइतकी ऊर्जा किती इलेक्ट्रॉनांजवळ आहे, यावर सारे अवलंबून असते आणि उष्णतेमुळे ती संख्या झपाट्याने वाढते. तोच प्रवाह वाहायला आता चढ तितका उतरवावा लागत नाही, म्हणून डायोडवरचे व्होल्टेज घटते. सिलिकॉनसाठी ही घट दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्ट असते. आपल्याकडे १२ मिलिव्होल्टची घट झाली, म्हणजे डायोडचे तापमान साधारण ६ अंशांनी वाढले असावे. तापमान मोजण्यासाठी डायोडचा याच रीतीने उपयोग केला जातो, आणि संगणकाच्या प्रोसेसरमध्येही या कामासाठी असे जंक्शन ठेवलेले असते.

आता प्रवाहाबद्दल. आपल्या परिपथात रेझिस्टरवर सुमारे ८.४५ व्होल्ट आहेत आणि त्यात १२ मिलिव्होल्टची भर पडली. ही वाढ एक टक्क्याच्या सातव्या भागाएवढी आहे, तेव्हा प्रवाह जणू बदललाच नाही. परंतु रेझिस्टर काढून टाकून डायोडवर थेट ०.५४९ व्होल्ट स्थिर ठेवले असते, तर केवळ चिमटीतल्या उबेने प्रवाह सुमारे तीस टक्क्यांनी वाढला असता. वाढलेल्या प्रवाहाने डायोड स्वतः तापला, तर तो आणखी वाढतो.

म्हणूनच दोन डायोड किंवा दोन एलईडी नुसते समांतर जोडून त्यांच्यात प्रवाह समान वाटला जाईल अशी अपेक्षा करता येत नाही. जो किंचित अधिक तापतो तो अधिक प्रवाह ओढतो आणि मग आणखी तापतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर दिला की हे थांबते. पुढचा प्रयोग म्हणून दोन सारखे डायोड समांतर जोडून त्या जोडीला एकच १ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा, प्रत्येक डायोडच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचे मिलिव्होल्ट मोजावेत आणि मग दोहोंपैकी एकालाच चिमटीत धरावे.